वेग, वीज आणि विवेक

घरात संगणक घ्यावयाचा आहे. त्यावर पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचा अभ्यास आणि थोडेबहुत कचेरीचे काम व्हावे. सुटीच्या दिवशी घटकाभर एखादा खेळ खेळता यावा. आणि एवढे होऊन विजेचे बिल आटोक्यात राहावे. अशा संगणकात प्रोसेसर कोणता असावा? हा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघतो, आणि त्याचे उत्तर बहुधा दुकानदार देतो. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर असला बाजारहाटाचा प्रश्न कशाला, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आम्हांस असे वाटते की, हा प्रश्न जितका बाजाराचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. दुकानाच्या फळीवर मांडलेल्या त्या नखाएवढ्या वस्तूच्या मागे पाऊणशे वर्षांची एक शर्यत आहे. त्या शर्यतीत एक पक्ष वेगासाठी वीज उधळीत गेला आणि दुसरा पक्ष गरजेपोटी काटकसर शिकला. शेवटी जिंकले कोण आणि कशामुळे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला प्रोसेसर निवडणे फारसे अवघड जात नाही.

विजेच्या उधळपट्टीचा आरंभ

१९४६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, ‘एनियाक’ नावाचे गणकयंत्र जगापुढे आले. त्यात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. आपल्या जुन्या रेडिओत ज्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणत असू, त्याच जातीच्या ह्या नळ्या. प्रत्येक व्हॉल्व्हची तार तापवावी लागे, म्हणून यंत्राला सुमारे दीडशे किलोवॅट वीज लागे. हिशेब सांगावयाचा तर साठ वॅटचे अडीच हजार दिवे एकदम लावावे, तशी ही गोष्ट होती. आपल्याकडेही ह्या व्हॉल्व्हच्या युगाचा एक मानाचा अध्याय लिहिला गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी एक पूर्ण गणकयंत्र स्वतः बांधले आणि १९६० साली ते कामाला लागले. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यातही अडीच हजारांहून अधिक व्हॉल्व्ह होते.

पण व्हॉल्व्हचा काळ भरत आला होता. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. शॉकली यांच्यासह त्या तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रान्झिस्टरला तापवावयाची तार नाही. जे काम व्हॉल्व्ह वॅटांत करी, ते हा वॅटाच्या अंशात करू लागला. १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी आणि १९५९ मध्ये रॉबर्ट नॉइस यांनी अनेक ट्रान्झिस्टर एकाच तुकड्यावर घडविण्याची रीत निरनिराळ्या मार्गांनी शोधून काढली. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ‘४००४’ हा प्रोसेसर बाजारात आणला. एका जपानी कंपनीच्या आकडेमोडीच्या यंत्रासाठी तो घडविलेला होता, आणि त्यात सुमारे तेवीसशे ट्रान्झिस्टर होते. म्हणजे टिफ्रॅकमधील व्हॉल्व्हच्या संख्येला जवळजवळ पोहोचणारी ट्रान्झिस्टरांची संख्या अकरा वर्षांत एका नखावर मावली, आणि तिला वॅटभरच वीज पुरेशी झाली.

निसर्गाचे आंदण

येथून पुढची तीस वर्षे संगणकशास्त्राच्या इतिहासात सुगीची गेली. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये असे भाकीत केले होते की, एका तुकड्यावर मावणाऱ्या घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल. ते भाकीत सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे सूत्र दुसरेच आहे, आणि त्याच्या कर्त्याचे नाव फारसे कोणाच्या कानावर नसते. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह असे दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर जसजसा लहान करावा तसतसा त्याचा विद्युद्दाबही त्याच प्रमाणात उतरविता येतो. तसे केले म्हणजे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसतात, ते अधिक जलद चालतात, आणि तरीही त्या जागेची उष्णता वाढत नाही.

ह्याचे मर्म समजण्यास थोडे गणित पुरे. प्रोसेसर हा घड्याळाप्रमाणे ठोक्यांवर चालतो. सेकंदाला किती ठोके, तो त्याचा वेग. त्याला लागणारी वीज ठोक्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते, पण विद्युद्दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, शंभर वॅट खाणाऱ्या प्रोसेसरचा दाब पाचव्या हिश्श्याने उतरविला आणि ठोकेही पाचव्या हिश्श्याने कमी केले. वेग शंभरावरून ऐंशीवर आला. पण वीज शंभरावरून एक्कावन्नावर आली. वेगातला पाचवा भाग सोडला आणि विजेतला जवळजवळ अर्धा भाग वाचला! उलट बाजूने पाहावे तर वेगाच्या शेवटच्या पाचव्या भागासाठी अर्धी वीज खर्ची पडत होती. श्रोत्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली ह्यातच आहे.

जोवर डेनार्ड यांचे सूत्र लागू पडत होते तोवर ह्या हिशेबाकडे लक्ष देण्याचे कोणास कारण नव्हते. दर पिढीगणिक वेग आपोआप वाढे. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकातील प्रोसेसर सेकंदाला सत्तेचाळीस लाखांवर ठोके देई आणि त्याच्यावर पंख्याची गरज नसे. १९९३ चा पेंटियम सहा कोटी ठोक्यांवर आला आणि सुमारे पंधरा वॅट खाऊ लागला. निसर्गाने दिलेले हे आंदण होते. आणि आंदणात मिळालेल्या द्रव्याचा हिशेब कोण ठेवतो?

आकड्याची भुरळ

ह्या सुगीत एक खोड मात्र जडली. ठोक्यांची संख्या, म्हणजे मेगाहर्ट्झ, हेच प्रोसेसरच्या योग्यतेचे एकमेव माप होऊन बसले. जाहिरातीत तोच आकडा, दुकानदाराच्या तोंडी तोच आकडा, गिऱ्हाईकाच्या मनातही तोच आकडा. २००० सालच्या मार्च महिन्यात एएमडी आणि इंटेल ह्या दोन कंपन्यांनी एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला, तो दोन दिवसांच्या अंतराने. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इंटेलने पेंटियम ४ आणला. त्याची रचनाच अशी होती की, प्रत्येक काम वीस लहान पायऱ्यांत वाटून द्यावे; पायरी लहान म्हणून ठोका जलद. पण एका ठोक्यात होणारे काम कमी झाले. दीड गिगाहर्ट्झचा नवा पेंटियम ४ कित्येक कामांत एक गिगाहर्ट्झच्या जुन्या पेंटियम ३ च्या मागे पडे. ठोके वाढले, काम वाढले नाही. जिन्याच्या पायऱ्या दुप्पट केल्या म्हणून माणूस दुप्पट उंच चढत नाही, तसेच हे झाले.

आकड्याची सत्ता केवढी होती पाहा. २००१ मध्ये एएमडीने आपल्या प्रोसेसरला ‘१५००+’ असे नाव दिले. त्याचे प्रत्यक्ष ठोके १३३३ मेगाहर्ट्झ होते. त्याचे काम खरोखर चांगले होते; परंतु चांगले काम करणाऱ्यालाही मोठ्या आकड्याचे वस्त्र पांघरल्यावाचून बाजारात उभे राहता येईना.

धोक्याची घंटा मात्र वाजली होती. इंटेलचेच एक प्रमुख तंत्रज्ञ पॅट गेल्सिंगर यांनी २००१ साली अभियंत्यांच्या परिषदेत बजावले की, उष्णता ह्याच गतीने वाढत राहिली तर दशकाअखेरीस प्रोसेसर अणुभट्टीला मागे टाकून अग्निबाणाच्या नळकांड्याइतका तापेल. तरीही शर्यत थांबली नाही. २००४ च्या आरंभी पेंटियम ४ ची नवी आवृत्ती आली. तिच्यात पायऱ्या वीसाच्या एकतीस झाल्या होत्या. आणि नेमके ह्याच वेळी डेनार्ड यांचे आंदण संपले. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की, दाब आणखी उतरविला तर बंद असतानाही त्यातून वीज गळू लागे. फुटक्या नळाप्रमाणे ही गळती रात्रंदिवस चालू राही. सर्वांत वेगवान पेंटियम ४ ची कमाल उष्णता ११५ वॅटवर गेली. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणण्याचे वचन दिलेले होते. ते २००४ च्या ऑक्टोबरात मागे घ्यावे लागले. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी त्याच महिन्यात एका सभेत, विनोदाने का होईना, गुडघे टेकून श्रोत्यांची क्षमा मागितली. एका आकड्याच्या मागे लागलेल्या धंद्याचे हे गर्वहरण होते.

गरजेपोटी आलेले शहाणपण

आता ह्याच काळातील दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. त्याचा उगम इंग्लंडातील केंब्रिज येथे आहे. तेथील एकॉर्न ह्या लहानशा कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८३ मध्ये एक नवा प्रोसेसर आखण्यास घेतला. माणसे थोडी, पैसा बेताचा. प्रोसेसर महागड्या चिनीमातीच्या कोंदणात बसविणे परवडणार नव्हते. स्वस्त प्लास्टिकचे कोंदण वापरावयाचे तर उष्णता वॅटभरातच राहिली पाहिजे. ह्या विवंचनेतून साधी, आटोपशीर रचना जन्मास आली. १९८५ च्या एप्रिलात पहिला तुकडा हाती आला व तो चालू लागला. त्याला किती वीज लागते ते मोजू गेले तर मापकाचा काटा शून्यावरच! शोधाअंती असे आढळले की, वीज पुरविणारी तार जोडलीच गेली नव्हती. आजूबाजूच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच तो प्रोसेसर चालला होता. ‘आर्म’ नावाच्या ह्या घराण्याचे वंशज आज आपल्या बहुतेकांच्या खिशातल्या दूरध्वनीत आहेत.

दुसरे उदाहरण इस्राएलमधील हैफा शहरचे. तेथील इंटेलच्या शाखेकडे मांडीवरच्या संगणकासाठी, म्हणजे लॅपटॉपसाठी, प्रोसेसर घडविण्याचे काम होते. तेथे बॅटरी लहान, जागा कोंदट, पंखा नावापुरता. वेगाची उधळपट्टी तेथे शक्यच नव्हती. म्हणून त्या मंडळींनी पेंटियम ४ चा मार्ग सोडून जुन्या पेंटियम ३ ची परंपरा उचलली, प्रत्येक ठोक्यात अधिक काम काढले, आणि प्रोसेसरच्या हाताशी असलेली स्मृती, जिला कॅश म्हणतात, ती दुप्पट करून एक मेगाबाइट केली. सामान हाताशी असले म्हणजे कोठीघरात फेऱ्या घालाव्या लागत नाहीत आणि शक्ती वाचते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको. २००३ च्या मार्चात हा ‘पेंटियम एम’ आला. १.६ गिगाहर्ट्झ आणि साडेचोवीस वॅट असा त्याचा संसार. परंतु कित्येक कामांत तो दोन गिगाहर्ट्झच्या पुढच्या पेंटियम ४ शी बरोबरी करी. पुढे काही हौशी मंडळी हा लॅपटॉपचा प्रोसेसर जोडतुकडा लावून टेबलावरच्या संगणकात बसवू लागली. मोठ्या वाड्यात धाकट्या घरातील माणसास कारभारी म्हणून बोलवावे, तसा हा प्रकार होता.

आणि कारभार खरोखरच त्या धाकट्या घराकडे गेला. २००६ च्या जुलैत इंटेलने पेंटियम ४ चा मार्ग सोडून दिला व हैफाच्या परंपरेतला ‘कोअर २ ड्युओ’ टेबलावरच्या संगणकासाठी आणला. आदल्या वर्षीच्या पेंटियम डी ची कमाल आवृत्ती १३० वॅटची होती. हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर ६५ वॅटचा, आणि कामात त्याहून सरस. इकडे एएमडीनेही २००३ पासून आपल्या एथलॉन ६४ मध्ये, काम नसेल तेव्हा ठोका व दाब दोन्ही आपोआप उतरविण्याची सोय केली होती. २०११ पासून चित्र रेखाटणारा भागही इंटेलच्या प्रोसेसरच्या त्याच तुकड्यात येऊन बसला, आणि साध्या कामासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड पोसण्याची गरज संपली. २०१७ मध्ये एएमडीने ‘रायझन’ आणला. त्यात आठ गाभ्यांचा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गात मिळू लागला. २०२० मध्ये ॲपलने आपल्या संगणकांत आर्मच्या कुळातला ‘एम १’ बसविला, तेव्हा केंब्रिजचा प्रवाहही टेबलावर येऊन पोहोचला. टंचाईच्या घरात वाढलेल्या दोन्ही शाखांनी अशा रीतीने सुबत्तेचे घर जिंकले.

नवा आकडा, जुनी भुरळ

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण इतिहास आपल्या खोडी सहजासहजी सोडीत नाही. पूर्वी मेगाहर्ट्झचा आकडा डोळे दिपवी. आज ‘६५ वॅट’ हा आकडा तसाच निष्काळजीपणे वाचला जातो. हा आकडा म्हणजे घरचे मीटर नव्हे. इंटेलच्या २०२२ मधील कोअर आय५–१२४०० ह्या प्रोसेसरवर ६५ वॅट हा पायाभूत आकडा आहे. परंतु जोर लावताना तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, हे कंपनीच सांगते. एएमडीचे ६५ वॅटचे रायझन ८८ वॅटपर्यंत वीज ओढू शकतात. त्याच वर्षीच्या आय९–१३९००के चा पायाभूत आकडा १२५ आणि कमाल आकडा २५३ वॅट! शेवटच्या चार टक्के वेगासाठी दाब चढवीत नेण्याची जुनी चढाओढ पुन्हा सुरू झाली. २०२४ साली तर इंटेलला जाहीर करावे लागले की, त्या व पुढच्या पिढीतील काही प्रोसेसर अवाजवी दाबामुळे अस्थिर होत आहेत.

मग निवड करावी कशी? आमच्या मते आधी स्वतःच्या दिवसाचा हिशेब मांडावा. समजा, घरातील संगणक रोज आठ तास, वर्षातून तीनशे दिवस चालतो. त्यातील बहुतेक वेळ माणूस वाचीत वा टंकन करीत असतो, आणि प्रोसेसर अक्षरशः वाट पाहात बसलेला असतो. अशा निवांत वेळी एक संगणक तीस वॅट घेतो आणि दुसरा सत्तर, असे धरू. फरक चाळीस वॅटचा. वर्षाचा हिशेब शहाण्णव युनिट. आता खेळ पाहा. आठवड्यातून दोन तास, वर्षातून पन्नास आठवडे, आणि दोन संगणकांतील फरक चक्क शंभर वॅट. तरी वर्षाचे होतात दहाच युनिट. म्हणजे ज्या कमाल वॅटची आपण धास्ती घेतो त्याहून नऊपटीने अधिक वीज निवांतपणाच्या तासांत वाया जाऊ शकते. हा फरक केवळ प्रोसेसरचा नसतो. मदरबोर्ड, वीज पुरविणारा पॉवर सप्लाय आणि विनाकारण बसविलेले मोठे ग्राफिक्स कार्ड हेच त्यातले खरे भागीदार असतात.

ह्यावरून काही गोष्टी उघड होतात. रोजच्या कामासाठी व प्रसंगी खेळासाठी ६५ वॅटच्या वर्गातील सहा गाभ्यांचा प्रोसेसर पुरेसा असतो. खेळ साधे असतील तर चित्रांचा समर्थ भाग ज्याच्या पोटातच आहे असा प्रोसेसर घ्यावा. एएमडीचे २०२१ चे रायझन ५–५६००जी वा २०२४ चे ५–८६००जी हे त्या जातीचे. त्यांची सारी रचना एकाच तुकड्यावर असल्यामुळे निवांत वेळी ते अनेक तुकडे जोडून केलेल्या भावंडांपेक्षा कमी वीज खातात. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ अक्षर असेल तर त्यात चित्रांचा भाग चालत नाही आणि वेगळे कार्ड घ्यावेच लागते. ‘टी’ अक्षराचा ३५ वॅटचा प्रकार पाहून भाळू नये. कामाविना बसलेले असताना दोघेही जवळजवळ सारखेच खातात, आणि साध्या प्रकाराला मदरबोर्डच्या मांडणीतून हवी ती मर्यादा घालता येते. मोठे खेळ नित्य खेळणाऱ्याने वेगळे कार्ड घ्यावे, पण मग विजेचा हिशेब त्या कार्डापासून सुरू करावा. आणि दुकानदाराने सर्वांत महाग प्रोसेसर दाखविला, तर शंभर वॅट आणि एक्कावन्न वॅट हे आपले गणित आठवावे.

विवेकाचा प्रश्न

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जोनाथन कूमी यांनी २०११ मध्ये असे दाखविले की, व्हॉल्व्हच्या काळापासून एका युनिट विजेत होणारी आकडेमोड सुमारे दर दीड वर्षाला दुप्पट होत आली होती. मग जगातील संगणकांची विजेची भूक कमी झाली का? नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच कोळशाच्या बाबतीत ताडले होते की, वाफेची यंत्रे काटकसरी झाली म्हणजे कोळसा वाचत नाही. यंत्रे स्वस्त पडून त्यांची संख्या वाढते आणि कोळसा अधिकच जळतो. संगणकाचेही तसेच झाले. एनियाक एक होता. आज आपल्या एकेका घरात डझनभर प्रोसेसर आहेत.

ह्याचा अर्थ काटकसर व्यर्थ असा मात्र आम्ही करीत नाही. यंत्राची काटकसर यंत्र करील. परंतु किती यंत्रे हवीत, ती केव्हा बंद करावीत आणि चांगल्या चालणाऱ्या यंत्राला किती वर्षे नांदू द्यावे, हे ठरविणे यंत्राच्या हाती नाही. वीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील गावोगावी भारनियमनाच्या तासांत ज्यांनी यूपीएसच्या पाचदहा मिनिटांत आपले काम आवरते घेतले, त्यांना वॅटची किंमत कोणी पुस्तकातून शिकविली नव्हती. केंब्रिज आणि हैफा येथील अभियंत्यांनाही ती टंचाईनेच शिकविली. मुबलकता असताना तेच शहाणपण टिकविणे हे अधिक कठीण काम आहे, आणि ते कोणत्याही कंपनीच्या प्रयोगशाळेत होणारे नाही. ते आपल्या घरी, खरेदीच्या आधी, कागद-पेन्सिल घेऊन व्हावयाचे आहे.